मुलांसाठी व हौशी निरीक्षकांसाठी सूक्ष्मदर्शक यंत्राची निवड

वांग्याची पाने निस्तेज पडू लागली, त्यांवर बारीक पांढुरके ठिपके उमटू लागले, की शेतकरी चिंतेत पडतो. हे ठिपके लाल कोळ्याचे की फुलकिड्यांचे, हे बांधावर उभे राहून सांगता येत नाही. मग शेजारच्याने जे फवारले तेच औषध आणून फवारले जाते. परंतु कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, आणि कीटकांवर चालणारी पुष्कळशी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. उलट कोळ्यांना खाऊन जगणारे मित्रकीटक त्या फवाऱ्याने मरतात व कोळ्यांची संख्या अधिकच वाढते. औषधाचा पैसा जातो आणि पीकही हातचे जाते. पानाची खालची बाजू दहा पट मोठी करून पाहिली, तर आठ पायांचा कोळी व सहा पायांचा लांबट फुलकिडा यांतील भेद शाळकरी मुलालाही ओळखता येतो.

म्हणूनच गावातील शाळा, तरुण मंडळे व हौशी शेतकरी यांच्याकडे एखादे सूक्ष्मदर्शक यंत्र असणे हितावह आहे. मात्र ते कसे निवडावे याची माहिती नसल्याने पुष्कळदा पैसे वाया जातात, आणि यंत्रातून काहीच नीट न दिसल्यामुळे मुलांचा उत्साहही मावळतो.

मोठ्या आकड्याचा मोह

खेळण्यांच्या दुकानातील पेटीवर ‘९०० पट’ किंवा ‘१२०० पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हा आकडा पाहून यंत्र घेणे ही सर्वांत मोठी चूक होय. लहान छायाचित्र वाढवून भिंतीएवढे केले, तरी त्यात मुळात नसलेला तपशील येत नाही. ते केवळ धूसर होते. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच आहे. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा अधिक जवळ असलेले दोन बिंदू उत्तम यंत्रातूनही वेगळे दिसत नाहीत. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्लॅस्टिकच्या भिंगाची मजल तर याच्या कितीतरी अलीकडेच संपते.

चांगल्या यंत्रात वस्तूकडील भिंगावर दोन अंक कोरलेले असतात, उदाहरणार्थ ४० व ०.६५. पहिला अंक ते भिंग किती पट मोठे करते हे सांगतो. दुसऱ्या अंकाला हजाराने गुणले असता उपयोगी मोठेपणाची कमाल मर्यादा मिळते. म्हणजे या भिंगातून ६५० पटींपलीकडे आकार वाढला, तरी नवे काहीही दिसणार नाही. ज्या यंत्रावर हा दुसरा अंकच नसेल, त्याच्या पेटीवरील आकड्यावर विश्वास ठेवू नये.

प्रथम ठरवावे : पाहावयाचे काय?

फुलकिडा साधारणपणे एक ते दीड मिलिमीटर लांब असतो, तर लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हे दोन्ही १० ते २० पटींत ओळखता येतात. कोळ्याची गोल अंडी, मावा व त्याची पिले, तणांचे बी यांसाठी २० ते ४० पटी पुरेशा होतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची पिले, मक्याचे परागकण व कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहण्यास ४० ते १०० पटी लागतात. बुरशीचे बीजाणू नीट पाहावयाचे तर १०० ते ४०० पटी हव्यात. यावरून दिसून येईल, की शेतातील बहुतेक कामे ४० पटींच्या आतच होतात.

यंत्रांचे प्रकार

(१) दहापटीचे घडीचे भिंग : हे सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त साधन होय. ते खिशात मावते. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरावे आणि पान हळूहळू जवळ आणावे. सुमारे एक इंचावर ते स्पष्ट दिसते. भिंग पानाजवळ धरून दुरून पाहिल्यास फारच थोडा भाग दिसतो. प्रत्येक शेतकरी कुटुंबात व ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात हे असावे.

(२) कमी पटीचे द्विनेत्री यंत्र : याची दोन नळ्यांची रचना अशी असते, की वस्तू सुलट व उंचसखल दिसते. प्रकाश वरून पडतो, त्यामुळे पान, किडा, बी वा मातीचा कण आहे तसाच ठेवून पाहता येतो. काचपट्टी तयार करावी लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. २० व ४० पटींचे असे यंत्र लहान मुलांसाठी उत्तम. नमुना ठेवताच काहीतरी दिसते, आणि जे दिसते ते ओळखीचे असते.

(३) संयुक्त सूक्ष्मदर्शक : यात प्रकाश खालून येतो, म्हणून वस्तू पातळ व पारदर्शक असावी लागते. ती काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर पातळ काच ठेवतात. वस्तूकडील भिंगे ४, १० व ४० पटींची आणि डोळ्याकडील भिंग १० पटींचे असल्यास ४०, १०० व ४०० पटी मिळतात. शाळेस एवढ्या पुरेत. तेल लावून वापरावयाचे शंभर पटींचे भिंग प्रारंभी घेऊ नये. द्राक्षाच्या पानावरील भुरी व केवडा यांचा भेद या यंत्रात चांगला दिसतो. भुरीचे बीजाणू माळेसारखे एकापुढे एक असतात, तर केवड्याची बुरशी फांद्या फुटलेल्या झाडासारखी दिसते. गंधक भुरीवर चालते, केवड्यावर नाही; म्हणून हा भेद बागाइतदाराच्या खर्चाशी निगडित आहे.

(४) कागदी सूक्ष्मदर्शक : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘फोल्डस्कोप’ हे घडी घालून बनविण्याचे यंत्र जगापुढे मांडले. त्यातील एकच इवलेसे भिंग सुमारे १४० पटी मोठे करते. ही कल्पना जुनीच आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने १६७० नंतरच्या दशकात स्वतः घासलेल्या एकेरी भिंगातूनच पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले होते. यंत्र मोठे नव्हते. भिंग चोख होते व पाहणारा चिकाटीचा होता. दहा वर्षांपुढील मुलांना प्रत्येकी एक देण्यास हे यंत्र सोयीचे आहे.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची काळजी

भिंगे काचेची व सांगाडा धातूचा असावा. छापील कागदाचा तुकडा ठेवून एक अक्षर पाहावे. अक्षराच्या कडा स्वच्छ दिसाव्यात, त्यांना निळ्या-तांबड्या झालरी नसाव्यात. भिंग वरखाली करणारे चाक सोडून दिल्यावर नळी आपोआप खाली घसरू नये. संयुक्त यंत्रास जाड व बारीक हालचालीची दोन्ही चाके आणि प्रकाश कमीजास्त करण्याची सोय असावी. विजेचा भरवसा नसेल तेथे आरसा असलेले किंवा बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे. एखादे भिंग खराब झाल्यास बदलता यावे म्हणून ते प्रमाणित आट्यांचे आहे, याची विचारणा करावी. हरियाणातील अंबाला येथे शालेय यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. परंतु कोठलेही यंत्र स्वतः पाहिल्यावाचून घेऊ नये.

वापर व निगा

आरशाने सूर्याचा थेट प्रकाश यंत्रात कधीही घेऊ नये. डोळ्यास कायमची इजा होते. मोकळ्या आकाशाचा प्रकाश घ्यावा. नुकत्याच फवारलेल्या पिकाची पाने मुलांच्या हाती देऊ नयेत. भिंग धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नये. मऊ ब्रशाने धूळ झटकून स्वच्छ, मऊ सुती कापडाने हलकेच पुसावे. कोकणातील पावसाळी हवेत भिंगांवर बुरशी चढते, म्हणून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे.

मर्यादा

विषाणू यांपैकी कोणत्याही यंत्रातून दिसत नाहीत. त्यांचा प्रसार करणारी पांढरी माशी मात्र साध्या भिंगातून दिसते. ओळख पटली नाही, तर नमुना कृषि विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांना दाखवावा. अर्धवट ओळखीवरून औषध ठरवू नये.

थोडक्यात, घरासाठी दहापटीचे भिंग, शाळेसाठी प्रथम द्विनेत्री व नंतर संयुक्त यंत्र, असा क्रम ठेवावा. आणलेले यंत्र कपाटात कुलूपबंद न ठेवता आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या हाती द्यावे व त्यांनी पाहिलेले वहीत चितारावयास सांगावे. पानाची खालची बाजू पाहण्याची सवय ज्या मुलाला आज लागेल, तो उद्या औषधाची बाटली उघडण्यापूर्वी पीक पाहील.