आकाशातील भंगाराचा हिशेब

विहिरीचे पाणी उन्हाळाभर पुरेल का, हे पाहताना तुम्ही दोन गोष्टी विचारता: झरा किती देतो आणि उपसा किती होतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भंगाराचा हिशेबही असाच आहे. निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे भाग, स्फोटांचे तुकडे ही झाली भर. उपसा बहुतेक एकच, वरची विरळ हवा. ४०० किलोमीटरवर ती भंगार थोड्या वर्षांत खाली ओढते. ८०० किलोमीटरवर मात्र शंभर वर्षेही लागतात.

पण खरी गोम निराळीच आहे. इथे भंगारच भंगाराला जन्म देते! दहा वस्तूंच्या जोड्या होतात ४५, वीस वस्तूंच्या १९०. गुरुजींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. वस्तू दुप्पट झाल्या की टकरीचा संभव चौपटीवर जातो. १९७८ साली अमेरिकेत डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पॅले यांनी हे गणित मांडले, तेव्हा दोन अख्खे उपग्रह कधी आदळले नव्हते. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, ते घडले. चालू इरिडियम ३३ आणि निकामी कॉसमॉस २२५१ आदळले व दोहोंचे दोन हजारांवर तुकडे झाले, तेही नोंदता आले तेवढेच.

मग उपग्रह सोडणेच थांबवले तर? २००६ साली लिऊ व जॉन्सन यांनी संगणकाला हेच विचारले. उत्तर आले, की पन्नासेक वर्षे संख्या साधारण तेवढीच राहील आणि मग टकरींमुळे वाढू लागेल. म्हणूनच मोठे निकामी सांगाडे आधी खाली उतरवावेत, असे तज्ज्ञ म्हणतात.