निजामाला बॉम्बने नमवले नाही

सप्टेंबर आला की नांदेड-लातूरकडे हैदराबाद मुक्तिसंग्रामाची भाषणे सुरू होतात आणि एक वाक्य हमखास कानावर पडते: "सरदार पटेलांनी विमाने पाठवली, हैदराबादवर बॉम्ब पडले आणि निजाम शरण आला." व्यासपीठावरचे पाहुणेही माना डोलावतात. अहो, पण हैदराबाद शहरावर बॉम्बवर्षाव करून ते घेतलेले नाही!

विमाने आली होती, हे खरे. पण कशासाठी? हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. पोर्तुगीजांकडून मार्मागोवा बंदर मिळवण्याची खटपट फसली होती. म्हणून १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांत शस्त्रे भरून आणायचा आणि बीदर, वरंगळला उतरवायचा. या तस्करीबद्दल पुढे ब्रिटनमध्ये त्याला दंडही झाला. समुद्र नसलेल्या राज्याची बंदरे म्हणजे या धावपट्ट्याच. भारतीय हवाई दलाने त्यांच्यावर बॉम्ब टाकले. दुसरे काम पायदळाची वाट मोकळी करण्याचे. १४ सप्टेंबरला उमरग्याहून राजेश्वरकडे जाताना रस्त्यालगत दबा धरलेल्या निजामाच्या फौजेवर टेम्पेस्ट विमानांनी मारा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. सूर्यापेटकडेही तसेच झाले.

बीदर उदगीरच्या शेजारचे. तेव्हा उदगीरच्या कुणा आजोबांनी विमानांची घरघर ऐकली असेल, त्यांना खोटे पाडायचे कारण नाही. पण उदगीरला घरघर ऐकू आली म्हणून हैदराबाद जळाले, असे होत नाही.

निजाम नमला तो जमिनीवरच्या फौजेमुळे. त्याचे सैन्य जेमतेम चोवीस हजार, त्यात पुरते तयार सहा हजारांच्या आसपास. १३ तारखेला सोलापूरकडून आलेल्या भारतीय तुकड्यांनी नळदुर्ग घेतला. जालन्याहून निघालेली तुकडी १५ तारखेला लातूरकडे वळली, पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, तिला नावापुरताच विरोध झाला. १७ तारखेला बीदर आणि हिंगोली गेले, चिलखती दल चित्यालला, राजधानीपासून साठेक किलोमीटरवर पोचले. त्याच संध्याकाळी युद्धबंदी जाहीर झाली.

आता बाकीचे समज. या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, म्हणजे ती पोलिसांनी केली? नाही, लष्कराने केली. नाव राजकीय सोयीचे. पटेलांसमोर हात जोडलेल्या निजामाचा फोटो शरणागतीचा? तो बेगमपेट विमानतळावरचा, १९४९ चा. शरणागती १८ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय लष्कराच्या मेजर जनरल चौधरींपुढे पत्करली. निजामाची विमाने मुंबईवर बॉम्ब टाकणार होती? अफवा जोरात होती, बॉम्बफेकी विमाने मात्र त्याच्याकडे नव्हती.

आणि सर्वांत चीड आणणारा समज: पाच दिवसांत, रक्त न सांडता सारे आटोपले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी आधी केलेले अत्याचार आपण सांगतो, सांगायलाच हवेत. पण नंतरचे? केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईदरम्यान आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. ही माणसे विमानातून पडलेल्या बॉम्बने मेली नाहीत.