वादळाचे उसने पाणी

१ एप्रिल २०१५. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातले फिलिप्स स्टेशन. दरवर्षी या सुमारास इथे सरासरी साडेपाच फूट बर्फ असते आणि त्यात नळी खुपसून राज्याचे अधिकारी पुढच्या उन्हाळ्याचा हिशोब मांडतात. त्या दिवशी गव्हर्नर जेरी ब्राऊन तिथे आले, तेव्हा पायाखाली नुसते सुकलेले गवत होते. राज्यभरातला बर्फाचा साठा सरासरीच्या ५ टक्क्यांवर आला होता. त्याच गवतावर उभे राहून त्यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली.

साडेतीन महिन्यांनी, जुलैमध्ये, मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत डोलोरेस नावाचे चक्रीवादळ उठले. ते विरले, पण त्याचे बाष्प उत्तरेकडे सरकले आणि दुष्काळाच्या चौथ्या वर्षात होरपळणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियात भर उन्हाळ्यात धो धो पाऊस कोसळला. जुलैत सहसा थेंबही न पाहणाऱ्या सॅन डिएगोत त्या महिन्यात ४३ मिलिमीटर पाऊस झाला. १९ जुलैला डेझर्ट सेंटरजवळ एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला असा लोंढा आला की लॉस एंजेलिस आणि फीनिक्सला जोडणाऱ्या महामार्गावरचा पूल कोसळला. दुष्काळ मात्र होता तिथेच राहिला.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी ही वादळे इथवर इतकी क्वचित का पोहोचतात ते पाहावे लागते. पूर्व प्रशांत महासागरात मेक्सिकोच्या दक्षिणेला दरवर्षी वादळांची रांग लागते. पण त्यांतली बहुतेक वाऱ्यांबरोबर पश्चिमेला, खुल्या समुद्रात निघून जातात. एखादे उत्तरेला वळलेच, तर कॅलिफोर्नियाचा थंड सागरी प्रवाह आडवा येतो. वादळ जोमात राहायला साधारण २६ अंशांचे पाणी लागते आणि इथे ते ऐन उन्हाळ्यातही बहुधा २० अंशांच्या आसपास असते. वादळाचा जीव तिथेच जातो. पुढे पोहोचते ते त्याचे बाष्प.

अपवाद आहेत, आणि ते भयंकर आहेत. सप्टेंबर १९३९ मध्ये उष्णतेच्या लाटेने हैराण झालेले लोक समुद्रावर गेले असताना एक वादळ थेट लाँग बीचजवळ धडकले. लॉस एंजेलिसमध्ये चोवीस तासांत सुमारे १४० मिलिमीटर पाऊस झाला. जमिनीवर ४५ आणि समुद्रात ४८ माणसे दगावली. लोकांना पूर्वसूचना मिळालीच नव्हती. दक्षिण कॅलिफोर्नियासाठी हवामान अंदाजाची वेगळी कचेरी उघडली ती त्यानंतर.

पण माझ्या मते मूळ प्रश्न वादळ येते की नाही हा नाहीच. पाणी कुठे पडते, हा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शहरांचे बरेचसे पाणी शेकडो किलोमीटरवरून येते, सिएरा नेवाडाच्या आणि कोलोरॅडो नदीच्या उगमाकडच्या डोंगरांतून. तिथले बर्फ हेच खरे धरण. ते हिवाळ्यात साठते आणि उन्हाळ्यात हळूहळू पाझरते. ऑगस्ट-सप्टेंबरात वाळवंटावर पडलेला पाऊस त्या धरणात भर घालत नाही. भाजून कडक झालेल्या जमिनीत तो मुरतही नाही, काही तासांत वाहून जातो. वणव्याने जळालेल्या डोंगरावर पडला, तर दरडी घेऊन उतरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘के’ वादळाच्या ओलाव्याने हेमेटजवळचा वणवा आटोक्यात यायला मदत झाली. पण त्याच आठवड्यात सॅन बर्नार्डिनोच्या जळक्या उतारांवरून चिखलाचे लोंढे घरांत शिरले.

पुढच्या वर्षी हिलरी वादळ आले. २० ऑगस्ट २०२३ रोजी डेथ व्हॅलीत एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पडला. तिथे जवळपास वर्षभरात पडतो तेवढा. समुद्रसपाटीखाली ८६ मीटर असलेल्या बॅडवॉटर खोऱ्यात तळे साचले. त्या पाण्याला बाहेर वाटच नाही. ते वाफ होऊनच जाते. आणि कॅलिफोर्नियाचा बहुतांश दुष्काळ तोवर हटलाही होता. तो हटवला होता आधीच्या हिवाळ्यातल्या पावसाने आणि बर्फाने.

या गोष्टीचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. एल निनोच्या वर्षी पूर्व प्रशांत महासागर तापतो, तिथल्या वादळांना बळ मिळते आणि बहुतेक वेळा आपला मान्सून अडखळतो. २०१५ आणि २०२३ ही दोन्ही एल निनोची वर्षे. डोलोरेसच्या वर्षी मराठवाडा करपला आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. हिलरी वाळवंट भिजवत होते तो ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

तरी वादळाची आस सगळीकडेच खोटी नाही. मेक्सिकोच्या दक्षिण बाहा कॅलिफोर्नियात बारमाही मोठी नदी नाही. तिथल्या वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा वादळेच आणतात आणि भूजल भरते ते त्याच पावसावर. एखादे वर्ष वादळाविना गेले, तर त्याची झळ तिथे लगेच बसते.

लॉस एंजेलिसला वादळाच्या पावसावर असे भूजल भरायचे तर पाणी अडवावे लागेल. १९३८ च्या महापुरानंतर तिथली नदी ८२ किलोमीटर लांबीच्या प्रवाहात बहुतेक ठिकाणी काँक्रीटने बांधून काढली गेली. पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात घालवणे हाच त्यामागचा उद्देश. शेजारच्या सॅन गॅब्रिएल नदीवर मात्र आपल्या पाझर तलावांसारखी विस्तीर्ण उथळ तळी आहेत. वरच्या धरणांत अडवलेले पाणी तिथे सावकाश सोडून जमिनीत मुरवतात. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या मतदारांनी पाणी न मुरू देणाऱ्या फरसबंद जागेवर कर मंजूर केला, तो अशाच कामांसाठी. पण या तळ्यांत गढूळ पाणी घेऊन चालत नाही; गाळाने तळ लिंपला की पाझर थांबतो. म्हणून पुराचा पहिला गढूळ लोंढा बाजूने काढून द्यावा लागतो, आणि वादळाच्या पावसात पुष्कळदा हाच लोंढा सर्वांत मोठा असतो.