तंत्रज्ञाची नोकरी आणि आंतरजालावरील ओळख

भिलाईच्या पोलाद कारखान्याला नंदिनीच्या खाणींनी चुनखडी पुरविली. झोतभट्टीत ती लोहखनिजातील वाळूसारख्या अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावते व त्यांची धातुमळी बनते. खाणींलगतच्या नंदिनी नगर वसाहतीत तांत्रिक नोकरीचा प्रश्न घरोघरी परिचयाचा आहे.

भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली त्याच १९५९ साली संसदेने कायदा करून सरकारी व मोठ्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. तेथे नाव नोंदवावयाचे आणि बोलावणे येण्याची वाट पाहावयाची, अशी तेव्हाची रीत होती. आता कारखान्याच्या भरतीचा अर्ज आंतरजालावरच भरावा लागतो. मग तेथे आपले नाव व कर्तृत्व मांडून ठेवल्याने नोकरी मिळण्यास साहाय्य होते काय?

वेल्डरचे उदाहरण घेऊ. त्याने केलेल्या सांध्याचे छायाचित्र कितीही सुबक असले तरी ते केवळ पृष्ठभाग दाखविते. आत राहिलेली पोकळी किंवा धातूचे अपुरे मीलन त्यात दिसत नाही. म्हणून परीक्षक नमुना वाकवून पाहतात. दोष असल्यास तेथे भेग पडते. क्ष-किरणांनीही सांधा तपासतात. येथे छायाचित्रांच्या प्रदर्शनाचा उपयोग थोडाच. शिवाय केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. अशा भरतीत लेखी परीक्षा व कौशल्यचाचणी यांवरच निवड ठरते.

संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे काम आंतरजालावर जसेच्या तसे ठेवता येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. चूक कशी सापडली, ती कशी सुधारली, हेही परक्या माणसास वाचता येते. प्रमाणपत्रापेक्षा हा पुरावा बोलका खरा. परंतु पुष्कळ कुशल माणसांचे काम कंपनीच्या मालकीचे असल्याने ते उघड करता येत नाही. अशांना अकुशल समजणे अन्यायाचे होईल.

वेल्डर असो वा संगणकतज्ज्ञ, चालू असलेला भ्रमणध्वनी व नियमाने पाहिली जाणारी ई-टपाल पेटी मात्र दोघांनाही हवी. परीक्षेचे प्रवेशपत्र निघाल्याची सूचना बहुधा तेथेच येते. ती न पाहिल्यास वर्षाची तयारी वाया जाते. त्याच मार्गाने खोट्या नेमणुकांची पत्रेही येतात. पैसे भरण्यास सांगणारे पत्र आल्यास कारखान्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील जाहिरातीशी ते आधी ताडून पाहावे.