काकवीचं बोट

पिल्लू घरी येतं ते बहुतेक वेळा रविवारी. मोबाइलवर फोटो बघून पसंत केलेलं असतं, पैसे आधीच पाठवलेले असतात. पुण्याहून निघालेली गाडी वाघोली आणि शिक्रापूरच्या कोंडीतून वाट काढत शिरूरला पोचेपर्यंत दुपार कललेली असते. दौंडला जायचं असेल तर सोलापूर रस्ता, जवळपास तेवढंच अंतर आणि तेवढाच धक्का. पिल्लू खोक्यात, जुन्या टॉवेलवर. वजन सहाशे-सातशे ग्रॅम, म्हणजे किलोभर साखरेच्या पुडीपेक्षाही हलकं. वाटेत ते ओकतं. घरी आल्यावर आळीतली पोरं जमतात, ह्याच्या हातातून त्याच्या हातात फिरतं, फोटो निघतात. प्रवासात मळलंय म्हणून कुणीतरी त्याला आंघोळही घालतं. रात्री वाटीत दूध-चपाती कुस्करून पुढं ठेवली, तर ते नुसतं हुंगतं आणि तोंड फिरवतं. ‘नवीन जागा आहे, उद्या खाईल’ असं म्हणून घरातले दिवे बंद होतात.

पहाटे बघावं तर पिल्लानं मान टाकलेली. अंग गार, डोळे उघडे पण काचेसारखे. उभं केलं तर मागचे पाय एकमेकांत अडकतात. मग थरथर सुरू होते, जबडा आवळला जातो, पाय झटकले जातात. ‘फिट आली’ म्हणत कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल आणतं. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते, कारण काल इतक्या जणांनी पाहिलं, नजर लागली असणार. हे कुणा एका घरचं नाही. चिवावा, पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शित्झू अशा टॉय ब्रीडची पिल्लं जिथं जिथं जातात, तिथं थोड्याफार फरकानं हेच घडतं.

पिल्लाच्या रक्तातली साखर उतरलेली असते. डॉक्टरी भाषेत हायपोग्लायसेमिया. ‘शुगर’ हा शब्द आपल्याकडे चढण्याशीच जोडला गेलाय; ती उतरूनही जीव जाऊ शकतो हे चटकन ध्यानात येत नाही. आणि हे घडतं कुठं, तर शिरूर-दौंडसारख्या उसाच्या मुलखात. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा, दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, असे साखर कारखाने इथं उभे राहिले. केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळांच्या चुलाणांचा धूर दिसतो. ज्या घरात फडताळावर गुळाची ढेप आणि बाटलीत काकवी आहे, त्याच घरात मूठभर जीव साखरेवाचून गळाठतो.

खरं तर इथल्या शेतकऱ्याला हा प्रकार अगदीच परका नाही. व्यालेली गाय बसली की ‘कॅल्शियम उतरलं’ हे तो डॉक्टर यायच्या आधी सांगतो. जास्त दुधाची गाय व्याल्यावर काही दिवसांनी चारा सोडते, दूध घटतं आणि डॉक्टर येऊन ग्लुकोजची बाटली लावतात, हेही त्यानं गोठ्यात पाहिलेलं असतं. तिथंही रक्तातली साखर कमी पडलेली असते. फरक एवढाच की गाईला दिवस मिळतात, पिल्लाला तास.

कारण पिल्लाजवळ शिल्लकच नसते. खाल्लेल्या अन्नातली जादा साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि पोट रिकामं असताना ती थोडी थोडी रक्तात सोडतं. हे कळलं तेही कुत्र्यांमुळेच. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कुत्र्यांना नुसतं मांस खायला घातलं, तरी त्यांच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडली. 1857 मध्ये त्यानं यकृतातलं ग्लायकोजेन वेगळं काढून दाखवलं. मोठ्या कुत्र्याचं हे कोठार भरपूर चालतं आणि ते संपलं तरी अंगातली चरबी आणि स्नायू मोडून साखर तयार करता येते. आठ आठवड्यांच्या चिवावाच्या पिल्लाचं यकृत लहान, ही कामं अजून नीट न शिकलेलं. अंगावर चरबी नाही, स्नायू नावाला. उलट डोकं शरीराच्या मानानं मोठं, आणि मेंदूला इंधन म्हणून साखरच लागते. त्यात जीव जितका लहान तितकी त्याच्या अंगातली ऊब लवकर निघून जाते आणि ती टिकवायलाही साखरच खर्च होते. अशा पिल्लाची साखर उतरायला सहा ते बारा तासांचा उपास पुरतो. रविवारचा प्रवास आणि न खाल्लेली रात्र मिळून तो सहज भरतो.

कुत्र्याच्या रक्तात साखर साधारण 70 ते 120 मिलिग्रॅम असते, माणसासारखीच दर 100 मिलिलिटरमागे मोजलेली. ती 60 च्या खाली गेली की सुस्ती आणि झोकांड्या दिसू लागतात; 40 च्या आसपास झटक्यांची पाळी येते. घरात आजोबांचं शुगरचं मशीन असेल तर कानाच्या कडेच्या थेंबावर ते चालतं, पण माणसाचं मशीन कुत्र्याची साखर बहुधा असते त्याहून कमी दाखवतं. आणि पिल्लू मान टाकत असेल तर आकड्याची वाट बघत बसूच नये.

‘आमच्याकडे पूर्वी पामेरियन होता, त्याला कधी असलं काही झालं नाही,’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. महाराष्ट्रात मागच्या पिढीनं ज्याला पामेरियन म्हटलं तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होता. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. तो अंगानं मोठा, दूध-भाकरीवर आणि इथल्या उन्हावर पोसलेला. खरा पॉमेरियन वेगळा, आणि तोही आधी एवढा छोटा नव्हता. राणी व्हिक्टोरियानं 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को सुमारे साडेपाच किलोंचा होता. राणीच्या हौसेनंतर लहान पॉमेरियनची टूम निघाली आणि आज मानकाप्रमाणे वाढलेल्या कुत्र्याचं वजन दीड ते सव्वातीन किलोंच्या आत बसवलं जातं. हल्ली तेवढ्यानंही भागत नाही म्हणून ‘टीकप’ आला. टीकप नावाची कुठलीच मान्य जात नाही. सर्वांत किरकोळ पिल्लाला लावलेलं ते विक्रीचं नाव आहे, आणि त्या नावाचे जास्त पैसे मोजणारा माणूस साखर उतरण्याचा धोकाच जास्त पैशांत विकत घेत असतो.

दुसरा घोळ वयाचा. ‘35 दिवसांचं पिल्लू’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. श्वान प्रजनन आणि विक्रीसाठीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. घेणारे मात्र ‘लहानपणीच आणलं की लळा लागतो’ या समजुतीवर चालतात. लळा आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लालाही लागतो, आणि टॉय जातीचं पिल्लू तर दहा-बारा आठवड्यांचं होऊन आलं तर उत्तमच. तोवर ते आईशिवाय, आपलं आपण, कोरडं-ओलं दोन्ही खायला शिकलेलं असतं. पिल्लू आणायला जाणाऱ्यानं रंग आणि केस बघण्याआधी त्याला आपल्यासमोर वाटीतून खाताना बघावं. सध्याचं खाणं कोणतं, किती वाजता, हे विचारून चार दिवसांचं तेच खाणं बरोबर मागून घ्यावं. जागाही नवी आणि जेवणही नवं, असं एकाच दिवशी नको.

आता ती पहाटेची वेळ. अशा वेळी घरात काय करायचं?

पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडी बघावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. साखर उतरलेल्या, गारठलेल्या पिल्लाची फिकट दिसते. किराण्यात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर चमचाभर कोमट पाण्यात दाट विरघळवावी. ती नसेल तर मध, तोही नसेल तर काकवी किंवा साखरेचा दाट पाक. काकवीतली बरीचशी साखर आतड्यात फुटल्यावर कामाला येते, म्हणून ग्लुकोज पावडर सरस. पण पहाटे पाचला दुकान उघडायची वाट बघण्यापेक्षा घरातली काकवी बरी. बोट त्यात बुडवून गालाच्या आतून, हिरडीच्या बाहेरच्या बाजूनं हळूहळू चोळावं. अर्ध्या-पाऊण किलोच्या पिल्लाला पाव चमचा पुरतो. झटके चालू असतील तर दातांच्या मधे बोट घालायचं नाही. आणि पिल्लू शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ड्रॉपरनं नाही की सिरिंजनं नाही. ओतलेलं श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकणारं पिल्लू फुफ्फुसात पाणी गेल्यानं दगावतं.

त्याच वेळी ऊब. हा भाग कोंबड्यांच्या शेडचा असल्यानं एक दिवसाच्या पिलांना बल्बची ऊब किती लागते हे इथं सांगावं लागत नाही. कुत्र्याच्या पिल्लालाही तेच, फक्त दमानं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, नाहीतर सरळ शर्टाच्या आत छातीशी धरावं. हीटरपुढं किंवा चुलीपाशी ठेवलं तर हलू न शकणारं पिल्लू भाजतं.

साखर पोचली तर पाच-दहा मिनिटांत फरक दिसतो. मान वर येते, डोळे माणसाकडे वळतात. ते नीट गिळू लागलं आणि अंगात ऊब आली की थोडं मऊ, कोमट खाणं द्यावं, कारण नुसती साखर तासाभरात जळून जाते आणि पिल्लू पुन्हा कोसळतं. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. ‘उठलं, शेपूट हलवलं, आता कशाला डॉक्टर’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. हिरडीतून तशी थोडीच साखर शोषली जाते, बाकीची लाळेबरोबर पोटात गेली तरच उपयोग. म्हणून पाच-दहा मिनिटांत हुशारी आली नाही तर बोट चोळत चोळतच दवाखाना गाठायचा. आणि आली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

निघण्याआधी एक फोन जरूर करावा. तालुक्याच्या दवाखान्यांत दिवसभर गाई-म्हशी, शेळ्या. तिथल्या सुया त्याच मापाच्या. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या शिरेला लहान बाळांना लावतात तसली 24 किंवा 26 गेजची बारीक कॅन्युला लागते. ती आहे का, एवढं विचारलं तर अर्धा तास वाचतो. डॉक्टर डेक्स्ट्रोज पातळ करून शिरेतून सावकाश देतात, गरज पडली तर सलाईनमधून चालू ठेवतात. पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी धावते, पण जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला नंबर भिंतीवर लिहिलेला असावा.

डॉक्टर आणखी एक गोष्ट शोधतात, साखर उतरलीच का. नुसता उपास असेल तर प्रश्न सोपा. पण जंतांनी पोखरलेलं, गोचिडांनी रक्त शोषलेलं किंवा पार्व्हो विषाणूची लागण झालेलं पिल्लूही असंच मान टाकतं. पोटभर खाऊनही पुन्हा पुन्हा असं होत असेल तर यकृतात जन्मजात दोष असू शकतो. यॉर्कशायर टेरियरमध्ये यकृताला वळसा घालून जाणारी चुकीची रक्तवाहिनी आढळते. डिस्टेंपर या आजारातही झटके येतात. काकवीचं बोट यातलं काहीच बरं करत नाही.

एक गोष्ट मात्र घरात चुकूनही वापरू नये, ती म्हणजे शुगर-फ्री म्हणून मिळणारं काहीही. काही शुगर-फ्री च्युइंगम, पीनट बटर आणि गोळ्यांत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या अंगात मात्र ते स्वादुपिंडाला इन्शुलिनचा लोंढा सोडायला लावतं, साखर तासाभरात पार तळाला जाते आणि यकृतालाही इजा होते.

एरवी सगळी मदार घड्याळावर. तीन महिन्यांच्या आतल्या टॉय पिल्लाला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. शेवटचं खाणं रात्री अकराला, पहिलं पहाटे पाचला. डेअरीला दूध घालणाऱ्या घरात पाचला कुणीतरी उठलेलं असतंच, धार काढायच्या आधी वाटी पुढं सरकवायची. पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून, किंवा उकडलेलं चिकन, अंडं आणि मऊ भात. गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, हगवण लागते आणि खाल्लेलंही वाया जातं. ग्लुकोज बिस्किटाच्या नावात ग्लुकोज असलं तरी त्यावर पिल्लू पोसत नाही. गोडानं साखर झपकन चढते, तशीच उतरते. म्हणूनच रोजच्या पाण्यात ग्लुकोज घालण्याची काहींची सवयही फारशी कामाची नाही. पहिले आठ दिवस आंघोळ नको. खेळून दमलं की झोपू द्यावं, पोरांना तेवढ्यापुरतं रागवावं लागलं तरी. लस किंवा जंताचं औषध दिलेल्या दिवशी पिल्लाची भूक मंदावते, त्या दिवशी वाटीकडे जास्त लक्ष. आणि डिसेंबर-जानेवारीत, उसाला पाणी सोडलेलं असताना घोड-भीमेच्या काठच्या वस्त्यांवर जी थंडी पडते, तिच्यात हे पिल्लू पडवीत नको. बिबट्याच्या भीतीनं हल्ली मोठी कुत्रीही रात्री आत घेतात, हे तर त्याच्या एका घासाचंही नाही.

चार महिने उलटले की बहुतेक पिल्लं या धोक्यातून बाहेर पडतात. अगदीच किरकोळ अंगाची मोठेपणीही जपावी लागतात. तोवर स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर एक नोंद: किती वाजता खाल्लं, किती उरलं. दवाखान्यात टेबलावर ठेवल्या ठेवल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, शेवटचं कधी खाल्लं? त्यावर नवरा बायकोकडे बघतो, बायको पोराकडे, आणि तेवढ्यात कुणीतरी ती वही पुढं करतं.