टाकीच्या पोटातला गंज

डहाणूहून चारोटी नाक्याकडे निघालं की वाटेत आशागड लागतं. मागे समुद्र, पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि मधल्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या, भाताची खाचरं, डोंगरउतारावरचे पाडे. पाड्यावरून बाजाराला, दवाखान्यात किंवा कामावर जायचं तर दुचाकीचा मोठा आधार असतो. त्यामुळे चालती गाडी भंगारात घालायला माणूस सहजी तयार होत नाही. इंजिन उघडून पिस्टन-रिंगा बदलता येतात, क्लचप्लेटा बदलता येतात. जुन्या गाडीचा जीव बऱ्याचदा अडकतो तो पेट्रोलच्या टाकीत. ती आतून गंजते, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

दुखणं सुरू होतं ते साधारण असं. पावसाळाभर पडवीत उभी असलेली गाडी दसऱ्याच्या सुमाराला बाहेर निघते. किक मारली की चालू होते, मैलभर नीट धावते आणि मग आचके देत बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मालक प्लग बदलतो, कार्बोरेटर साफ करून घेतो. आठवड्याने पुन्हा तेच. कारण सरळ आहे. पेट्रोल वाहू लागलं की गंजाची पूड कॉकच्या जाळीकडे ओढली जाते आणि थर धरते. गाडी थांबली की ओढ संपते, पूड खाली बसते आणि वाट मोकळी होते. जाळीतूनही निसटलेले बारीक कण कार्बोरेटरपर्यंत पोचतात. तिथल्या मेन जेटचं भोक जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचं, पायलट जेटचं त्याहूनही बारीक. तिथे अडकायला एक कण पुरतो.

टाकी म्हणजे साच्यात दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे, शिवणीवर वेल्ड करून जोडलेले. जुन्या काळी अनेक टाक्यांच्या पत्र्याला शिसं आणि कथलाच्या मिश्रणाचा मुलामा असे. जिथे तो झिजला किंवा मुळातच नव्हता, तिथे पोलाद उघडं. बिचाऱ्या पेट्रोलचा यात दोष नाही. निव्वळ पेट्रोलात बुडालेलं लोखंड गंजत नाही. गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि ते येतात हवेतून. जितकं पेट्रोल खर्च होतं तितकी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत शिरते. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, आतल्या दमट हवेतलं बाष्प पत्र्यावर थेंब धरतं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पाण्याचं एक किलो. म्हणून पाणी तळाला जाऊन सगळ्यांत खोल कोपऱ्यात बसतं, कॉकच्या तोंडाच्याही खाली, जिथून ते कधी बाहेर येत नाही. बारीक छिद्रं बहुधा तिथेच पडतात. किनाऱ्यालगत हवेत मीठही असतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तिचा वेग वाढतो.

ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो, तो आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. चेतक, लूना, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना एक आधार होता: त्यांच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असे, आणि त्याची पातळ साय पत्र्यावर राही. पण गाडी वर्षानुवर्षं रिकाम्या टाकीने उभी राहिली की तोही आधार सुटतो.

गळती लागली की गावाकडचा पहिला उपाय म्हणजे कपड्याचा साबण. ओलसर तुकडा छिद्रावर दाबून घासला की थेंब थांबतो, कारण साबण पेट्रोलात सहजी विरघळत नाही. घरापर्यंत पोचायला ही युक्ती उत्तम. पण पहिल्या पावसात साबण वाहून जातो, आणि तोवर छिद्र मोठं झालेलं असतं.

खऱ्या कामाची सुरुवात तपासणीपासून होते. टाकी गाडीवरून उतरवायची, सगळं पेट्रोल काढायचं, कॉक आणि झाकण सोडवायचं आणि आत बॅटरीचा उजेड टाकून पाहायचं. मोटरसायकलची टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला दोन कप्पे असतात आणि मधल्या उंचवट्यापलीकडचं दिसत नाही. मग पत्रा बोटाने दाबून, ठोकून, कानाने ऐकून अंदाज घ्यावा लागतो. सुदृढ पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. हे आधी कळायला हवं, कारण काही टाक्यांत गंजानेच छिद्र बुजवलेलं असतं. तो निघाला की चाळणी उघडी पडते.

यानंतर तेलकटपणा काढायचा. जुनं पेट्रोल उडून जाताना लाखेसारखा चिकट थर मागे ठेवतं. त्यावर ॲसिड ओतलं तर ते खालच्या गंजापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी रॉकेलने किंवा थिनरने, मग गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरने टाकी धुतली जाते. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

सुटे पापुद्रे पाडायला टाकीत काहीतरी घालून ती हलवतात. कुणी नट-बोल्ट घालतं, कुणी बारीक खडी. जाणता कारागीर बारीक साखळी पसंत करतो. खडीचा एखादा खडा शिवणीच्या खाचेत अडकला की महिनोन्‌महिने खडखडत राहतो; साखळीचं एक टोक तोंडाशी तारेने बांधून ठेवलं की ती अख्खी बाहेर येते. टाकी गोधडीत गुंडाळून डावीकडे, उजवीकडे, उलटी, तिरकी अशी फिरवत राहायची. तोंडातून तपकिरी पाणी येतं, मग तांबूस, मग गढूळ.

घट्ट बसलेल्या गंजासाठी रसायन लागतं. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्यासाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड सगळ्यांत झटपट आणि सगळ्यांत धोक्याचं. ते गंज खातं आणि चांगला पत्राही खातं, आणि त्याचा अंश राहिला तर गंज दुप्पट जोमाने परततो. फॉस्फोरिक ॲसिड सावकाश काम करतं, पण जाताना पोलादावर फॉस्फेटचा करडा थर ठेवून जातं. त्यावर पुढचा लेप चांगला धरतो. सायट्रिक ॲसिड स्वस्त आणि सौम्य. कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवलं तर पुष्कळ काम होतं. साखर कारखान्यांच्या मुलखात मळीही वापरता येते. एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी घालून टाकी भरून ठेवायची. तिला वास येतो, आठवडे लागतात, पण चांगल्या पत्र्याला ती फारशी लागत नाही.

आणखी एक मार्ग विजेचा. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा भरायचा, तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडायची आणि ती टाकीला कुठेही टेकणार नाही असं पाहायचं. बारा व्होल्टच्या बॅटरी-चार्जरची धन बाजू सळईला, ऋण बाजू टाकीला. सळई झिजत जाते, टाकीचा गंज सुटत जातो आणि चांगलं पोलाद शाबूत राहतं. जोडणी उलटी झाली तर टाकीच झिजू लागते. सळई स्टेनलेस स्टीलची वापरू नये, कारण त्यातल्या क्रोमियमपासून विषारी क्षार पाण्यात उतरतात. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं आणि जवळपास विडी-काडी नको.

गंज निघालेलं पोलाद पाण्याने धुऊन तसंच ठेवलं तर काही मिनिटांत त्यावर नारिंगी झाक चढते. दोन दिवसांची मेहनत एका चहाच्या वेळात वाया जाऊ शकते. म्हणून ॲसिड काढण्याआधीच पुढची सगळी तयारी हाताशी हवी: ॲसिड मारायला सोड्याचं पाणी, धुवायला स्वच्छ पाणी, उरलेलं पाणी ओढून घ्यायला स्पिरिट किंवा ॲसिटोन आणि वाळवायला हवा. ज्वलनशील द्रावण वापरल्यावर ते ओतून, उडून जाऊ द्यायचं आणि मगच गरम हवा. आषाढात दमट हवेत हे काम हाती घेऊ नये. त्याला कोरडं ऊन लागतं.

इथे टाकीचं काम करणाऱ्याचं वेगळेपण कळतं. याच डहाणू तालुक्यात चिंचणी-वाणगावकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर ते नक्षी कोरतात, आणि त्यांची प्रत्येक रेघ उजेडाखाली त्यांच्या डोळ्यांसमोर असते. टाकीवाल्याला आपलं काम दिसत नाही. त्याच्या हाती असतो तो फक्त क्रम: तेलकटपणा, पापुद्रे, गंज, ॲसिड, ओल, लेप. एकही पायरी मागेपुढे झाली की चूक आत राहते आणि सहा महिन्यांनी बाहेर येते. म्हणून या कामात प्रामाणिकपणा हेसुद्धा एक हत्यारच आहे.

लेपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टाकी गळत नसेल आणि पत्रा जाड असेल तर लेप लावू नये. साफ करावी, कोरडी करावी, ऑइलचा हात फिरवावा आणि पेट्रोल भरून गाडी वापरात ठेवावी. गंजावर पडदा टाकण्यासाठी लेप लावला तर गंज त्याच्याखाली वाढतो, लेपाचे फुगे येतात, ते चादरीसारखे सुटतात आणि थेट कॉकवर येऊन बसतात. लेप शोभतो तो झिजलेल्या, सुईएवढी छिद्रं पडलेल्या पण पूर्ण साफ केलेल्या टाकीला. दोन घटकांचा इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर, सांगितलेल्या मापातच कालवायचा. कॉकचं भोक बोल्ट आणि रबराने बंद करायचं, लेप ओतायचा आणि टाकी संथपणे सगळ्या बाजूंनी फिरवत राहायची, म्हणजे तो एका जागी साचत नाही. उरलेला निथळून काढायचा, कॉकच्या आट्या लगेच पुसायच्या आणि डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत पेट्रोलचा थेंबही घालायचा नाही.

आता एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले पथदर्शी प्रयोग 2001 साली झाले, त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाडला. 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं, 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचा आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. उसाच्या शेतकऱ्याला यातून बाजार मिळाला, परदेशी तेलाची गरज थोडी घटली. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, नेमका पोलादाला चिकटून. जुने रबरी पाइप आणि काही जुन्या प्रकारचे लेप इथेनॉलने नरम पडतात. म्हणून लेप घेताना तो इथेनॉलला टिकतो का, हे डब्यावर वाचूनच घ्यावं.

मोठं भोक लेपाने भरत नाही. तिथे पत्र्याचा तुकडा लावून झाळावंच लागतं, आणि इथे जीवाशी गाठ आहे. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण वाफ आणि हवा यांचं नेमकं तेच मिश्रण तिच्यात असतं. चांगला वेल्डर टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हापुन्हा धुतो, मग झाळायची जागा तेवढी वर ठेवून बाकी टाकी पाण्याने भरतो. एवढी खबरदारी न घेणाऱ्याच्या हाती टाकी देऊच नये.

उरतं ते घाण पाणी. 20 जून 1991 रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून इथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षं त्याची धुरा वाहिली. त्यामागची लढाई मोठ्या उद्योगांच्या संदर्भातली होती, पण बादलीभर ॲसिड ओहोळात ओतणाऱ्यालाही तिचा अर्थ लागू आहे. वापरलेलं ॲसिड चुन्याने मारावं, पेट्रोल-रॉकेलची धुणावळ डब्यात वेगळी साठवावी आणि वाडीच्या विहिरीपासून हे सगळं लांब ठेवावं.

इतकं करून टाकी परत गाडीवर बसते. यापुढचं काम मालकाचं. गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. झाकणाचं रबर दर पावसाळ्याआधी पाहावं. कॉकची वाटी अधूनमधून उघडून पाणी साचलंय का ते तपासावं. आणि मेकॅनिक दोन-तीन दिवस मागतो तेव्हा त्याला संध्याकाळपर्यंत दे म्हणून रेटू नये. त्याने मागितलेले ते दिवस टाकी वाळण्याचे आणि लेप मुरण्याचे असतात. ते दिले आणि त्यांचं मोल चुकवलं, तर जुनी गाडी पुढचे अनेक पावसाळे काढते.