इंजिनाचा पिवळा दिवा काय सांगतो?

सोमाटणे फाट्यावरून रोज पिंपरी-चिंचवडकडे वा लोणावळ्याकडे धावणाऱ्या जुन्या मोटारी कमी नाहीत. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालक गॅरेज गाठतो आणि पुष्कळदा एखादा सेन्सर बदलून, खिसा हलका करून परततो. वस्तुतः गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष घरीही वाचता येतो.

एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह मोठ्या शहरांत भारत स्टेज-४ मानके लागू झाली. त्यांच्यासोबत ‘ओबीडी’, म्हणजे गाडीने स्वतःचीच तपासणी करण्याची व्यवस्था आली. २०१३ मध्ये तिचा अधिक कडक दुसरा टप्पा आला. अशा गाडीत स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात साधा स्कॅनर बसवावा, इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’ करावी; कोड समोर येतो.

त्याआधीच्या गाड्यांचे तंत्र निराळे. सॉकेट तसेच दिसले तरी स्कॅनरशी त्याचे जुळेलच असे नाही. सुझुकी तंत्राच्या अनेक जुन्या मोटारींत तपासणी-सॉकेटातील दोन ठरावीक टोके तारेने जोडली, की दिवाच लुकलुकून आकडा सांगतो. एकदा लुकलुक, थोडी उसंत, मग दोनदा, म्हणजे १२ : सारे आलबेल. कोणती टोके जोडायची, हे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच पाहावे. अंदाजाने तार लावली तर संगणकच जळायचा!

खरी गफलत होते ती कोडचा अर्थ लावताना. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा अधिक, पेट्रोल कमी. तो दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. पण तो बिचारा केवळ बातमी देणारा. दोष चिरलेल्या व्हॅक्यूम नळीत किंवा तुंबलेल्या पेट्रोल फिल्टरमध्येही असू शकतो. ‘पी ०११८’ हा कोड कूलंटच्या तापमान-सेन्सरच्या जोडणीतून अवास्तव जास्त व्होल्टेज येत असल्याचे सांगतो. सेन्सर विकत घेण्याआधी त्याची वायर पाहावी. मावळातल्या पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदराने ती कुरतडलेली असणे मुळीच अशक्य नाही.

कोड आधी कागदावर लिहून घ्यावा, मगच पुसावा. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक जुन्या गाड्यांतील ही नोंद जाते.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सवडीने तपासता येते. मात्र ‘ओबीडी’च्या गाडीत तो धावताना लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. मुंबईहून परतताना असे झाले, तर बोरघाट चढू नये. खोपोलीलाच गाडी थांबवावी.